काउबॉय गाणी आणि वेस्टर्न संगीत : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

गिटार शिकायला लागलेला माणूस पहिल्या दोन-तीन महिन्यांत कधीतरी एखादं काउबॉय गाणं वाजवतोच, कारण त्याला तीन कॉर्ड पुरतात. मग प्रश्न सुरू होतात. गेली काही वर्षं मित्रमंडळी आणि त्यांची गिटार शिकणारी मुलं मला जे पुन:पुन्हा विचारतात, ते इथे एकत्र केलं आहे. काही उत्तरं लांबली आहेत, त्याला इलाज नाही.

काउबॉय गाणी, वेस्टर्न आणि कंट्री हे सगळं एकच ना?

नाही. पण कॅसेटच्या दुकानात तिन्ही एकाच फळीवर असायची, त्यामुळे गोंधळ होणं साहजिक आहे.

काउबॉय गाणी ही लोकगीतं. अमेरिकेतलं यादवी युद्ध १८६५ मध्ये संपलं. त्यानंतरची वीस-पंचवीस वर्षं टेक्सासातून उत्तरेला गुरांचे कळप हाकत नेणाऱ्या गड्यांच्या तोंडी जी गाणी होती, ती ही. वेस्टर्न संगीत त्यानंतरचं, मुख्यतः १९३० च्या दशकातलं. ते रेडिओ आणि हॉलिवूडसाठी व्यावसायिक गीतकारांनी रचलं. विषय तेच, पण सुरावट घासूनपुसून घेतलेली आणि तीन-चार आवाजांची. कंट्रीचं माहेर वेगळंच, म्हणजे आग्नेयेकडचा अ‍ॅपलाचियन डोंगरांचा मुलूख. तिथलं फिडल (म्हणजे व्हायोलिनच), बॅन्जो आणि चर्चमधली भजनं यांतून ते आलं.

माझी एक घरगुती फूटपट्टी आहे. गाण्यातला माणूस घराबद्दल रडत असेल तर ते कंट्री, आणि आभाळ, घोडा, पाणी यांबद्दल बोलत असेल तर वेस्टर्न. दहापैकी सात वेळा ही फूटपट्टी चालते.

काउबॉय खरंच गुरांना गाणी म्हणून दाखवायचे का? की ही सिनेमातली थाप?

खरंच म्हणायचे, पण हौस म्हणून नाही. तो कामाचा भाग होता.

युद्धानंतर टेक्सासात लांब शिंगांची गुरं उदंड झाली होती आणि त्यांना भाव नव्हता. तिथे चार डॉलरला मिळणारा बैल उत्तरेकडच्या बाजारात चाळीस डॉलरपर्यंत जायचा. मधे रेल्वे नव्हती. १८६७ मध्ये जोसेफ मॅकॉय नावाच्या व्यापाऱ्याने कॅन्ससमधल्या अ‍ॅबिलीन या आडगावी रेल्वेलगत गुरांचे कोंडवाडे उभारले आणि टेक्सासची गुरं पायी तिकडे निघाली. त्यातली सर्वांत नावाजलेली वाट म्हणजे चिशोम ट्रेल. जेसी चिशोम या निम्म्या चेरोकी रक्ताच्या व्यापाऱ्याच्या मालगाड्यांनी पाडलेली ही वाट. त्याने स्वतः त्या वाटेने गुरं कधी नेली नाहीत, आणि १८६८ मध्ये तो वारलासुद्धा.

एका कळपात दोन-अडीच हजार गुरं आणि त्यांच्यामागे दहा-बारा गडी. जोडीला स्वयंपाक्याची गाडी आणि राखीव घोडे सांभाळणारा एक पोरगा. दिवसाला १६ ते २४ किलोमीटर चाल. प्रवास दोन-तीन महिन्यांचा, पगार महिना तीस-चाळीस डॉलर.

खरी परीक्षा रात्री व्हायची. अंधारात विजेचा लोळ, एखादी वाळकी काटकी मोडल्याचा आवाज, भांडं पडल्याचा खणखणाट, एवढ्याने सगळा कळप उधळायचा. त्यात गुरं मरायची, घोडे मरायचे, माणसंही तुडवली जायची. म्हणून रात्री दोघे-दोघे आळीपाळीने पहाऱ्यावर असत. ते कळपाभोवती एकमेकांच्या उलट दिशेने घोड्यावर संथ फेऱ्या मारत आणि तोंडाने काहीतरी गुणगुणत राहत. माणूस अचानक अंधारातून समोर आला की गुरं दचकतात. आवाज सतत येत असला की त्यांना कळतं, अरे, हा तोच, मघापासून फिरतोय तो. शिवाय पलीकडच्या जोडीदारालाही समजतं की आपला गडी जागा आहे.

गाणं कोणतं, याची गुरांना फिकीर नव्हती. भजनं चालायची, युद्धातली गाणी चालायची, आणि काही आठवलं नाही तर शिव्यासुद्धा संथ चालीत चालायच्या. पहारा साधारण दोन तासांचा असायचा, त्यामुळे गाणं लांबलचक असणं सोयीचं. 'द ओल्ड चिशोम ट्रेल'ला शेकडो कडवी का आहेत, याचं उत्तर यातच आहे. आणि त्यातली बरीच छापण्याजोगी का नाहीत, याचंही.

मग त्यांचे आवाज गोड असतील ना?

नसायचे. जॅक थॉर्प स्वतः काउबॉय होता आणि या गाण्यांचा पहिला संग्राहकही. त्याने लिहून ठेवलंय की खरोखर चांगल्या आवाजाचा काउबॉय त्याला कधी भेटलाच नाही. मुळात आवाज बरा असला तरी गुरांवर ओरडून ओरडून तो जायचा.

आणि गिटार? शेकोटी, गिटार, चांदणं?

शेकोटी आणि चांदणं खरं. घोड्यावर आधीच खोगीर, दोर, गुंडाळलेलं अंथरूण. तिथे गिटार कुठे बांधणार? सोबत असायचा तो माउथ ऑर्गन किंवा ज्यूज हार्प, म्हणजे आपल्या मोरचंगासारखं खिशात मावणारं वाद्य. कधी स्वयंपाक्याच्या गाडीत एखादं फिडल. टपालाने माल पाठवणाऱ्या कंपन्यांनी शतक संपता संपता स्वस्त गिटारी घरोघर पोचवल्या. तोवर कळपांच्या लांब वाटा बंद पडल्या होत्या. जोसेफ ग्लिडनच्या काटेरी तारेचं पेटंट १८७४ चं. त्या तारेने मोकळी कुरणं तोडली, रेल्वे टेक्सासात शिरली, आणि १८८६-८७ च्या भयंकर हिवाळ्यात उत्तरेकडची गुरं लाखांनी गारठून मेली. गाणी मात्र मागे राहिली.

ही गाणी लिहिली कोणी?

सगळ्यात जास्त विचारला जाणारा प्रश्न, आणि माझा सगळ्यात आवडता.

बरीचशी गाणी उचललेली आहेत, आणि त्यात कुणाला काही वावगं वाटत नव्हतं. आपल्या संगीत नाटकांच्या जुन्या पुस्तकांत पदाच्या डोक्यावर 'चाल : अमुक' असं छापलेलं असतं. कानडी चाल, लावणीची चाल, आणि खाली नवे शब्द. काउबॉय गाण्यांचा व्यवहार तसाच होता, फक्त डोक्यावर ती ओळ छापायला कुणी नव्हतं.

'बरी मी नॉट ऑन द लोन प्रेअरी' घ्या. मरणारा पोरगा विनवतोय, मला या उजाड माळावर पुरू नका. आता १८३९ ची एक कविता पाहा. कवी एडविन चेपिन, पुढे धर्मोपदेशक म्हणून गाजलेला. त्या कवितेत मरणारा खलाशी विनवतो, मला या खोल समुद्रात पुरू नका. कुणीतरी समुद्राच्या जागी माळरान घातलं, लाटांच्या जागी कोल्हेकुई घातली, आणि काम झालं. तसंही कॅन्ससचं गवताळ पठार पाहिलेला माणूस समुद्राचीच उपमा देतो.

'स्ट्रीट्स ऑफ लरेडो'ची गोष्ट याहून मजेदार. लरेडोच्या रस्त्यावर पांढऱ्या कापडात गुंडाळलेला एक तरुण काउबॉय गोळी लागून मरायला टेकलाय आणि सांगतोय, माझ्या अंत्ययात्रेत ढोल हळू वाजवा, बासरी मंद वाजवा. गुराख्याच्या मयताला ढोल आणि बासरी? हा लष्करी मान झाला! गाण्याचा माग काढत गेलं की आपण ब्रिटन-आयर्लंडमधल्या एका जुन्या गाण्यापाशी पोचतो. त्यातला मरणारा माणूस शिपाई आहे आणि त्याला गोळी लागलेली नाही. बाहेरख्यालीपणातून जडलेल्या रोगाने तो चाललाय. समुद्र ओलांडताना रोग गळून पडला, त्या जागी गोळी आली, पण ढोल-बासरी तशीच राहिली. न्यू ऑर्लीन्सच्या जॅझवाल्यांचं 'सेंट जेम्स इन्फर्मरी' हेही याच कुळातलं मानतात.

काही गाण्यांचे कवी मात्र नावानिशी माहीत आहेत. 'व्हेन द वर्क्स ऑल डन धिस फॉल' मोंटानातल्या डी. जे. ओमॅली या काउबॉयने १८९३ मध्ये लिहिलं. 'लिटल जो द रँगलर' हे थॉर्पने १८९८ मध्ये लिहिलं, तेही एका जुन्या लोकप्रिय गाण्याच्या चालीवर.

'होम ऑन द रेंज'वरून कोर्टकज्जा झाला होता म्हणे?

झाला होता, आणि कविता जेमतेम सहा कडव्यांची!

१९३० च्या सुमारास हे गाणं रेडिओवर दिवसरात्र वाजत होतं. १९३४ मध्ये अ‍ॅरिझोनातल्या एका जोडप्याने दावा ठोकला की हे आमचं गाणं, पाच लाख डॉलर द्या. रेडिओवाल्यांनी घाबरून गाणं बंद केलं. संगीत प्रकाशकांनी सॅम्युअल मोनफेल्ट नावाच्या वकिलाला मूळ शोधायला पाठवलं. तो गावोगाव फिरला, म्हाताऱ्यांना भेटला, आणि शेवटी कॅन्ससच्या स्मिथ परगण्यात पोचला. तिथे उत्तर सापडलं. ब्रूस्टर हिग्ली नावाच्या डॉक्टराने १८७२ च्या आसपास ओढ्याकाठच्या आपल्या खोपटात ही कविता लिहिली होती आणि डॅनियल केली या फिडल वाजवणाऱ्या सुताराने तिला चाल लावली होती. त्या जोडप्याचा दावा फेटाळला गेला. १९४७ मध्ये कॅन्ससने ते राज्यगीत केलं. डॉक्टरांचं खोपट आजही आहे.

एक गंमत सांगतो. हिग्लीच्या मूळ कवितेत 'रेंज' हा शब्दच नाही. म्हणजे ज्या शब्दाने गाणं ओळखलं जातं, तो वाटेत कुणीतरी, बहुधा घोड्यावर बसून, घातला.

गाणी गोळा कोणी केली?

दोघांनी, आणि त्यांच्यात थोडी कुरबुरही आहे.

थॉर्प न्यू यॉर्कच्या बऱ्या घरातला, पण न्यू मेक्सिकोत जाऊन काउबॉय झालेला. १८८९ पासून तो घोड्यावरून रानोमाळ फिरत गाणी टिपत राहिला. १९०८ मध्ये न्यू मेक्सिकोतल्या एस्टन्सियाच्या छापखान्यात त्याने २३ गाण्यांची छोटीशी पुस्तिका छापून घेतली. काउबॉय गाण्यांचं हे पहिलं पुस्तक.

दोन वर्षांनी, १९१० मध्ये, जॉन लोमॅक्सचा मोठा संग्रह आला. लोमॅक्स टेक्सासचा. हार्वर्डच्या प्राध्यापकांनी त्याची पाठ थोपटली होती आणि पुस्तकाला थिओडोर रूझवेल्टचं पत्र जोडलेलं होतं. तो मेणाच्या नळकांड्यांवर ध्वनिमुद्रण करणारं अवजड यंत्र घेऊन दारूच्या गुत्त्यांतून, गुरांच्या बाजारांतून फिरला. त्याने गाणी सोवळी केली, निरनिराळ्या पाठांची कडवी एकमेकांना जोडली, आणि थॉर्पच्या पुस्तकातली गाणीही श्रेय न देता घेतली. थॉर्पला ते झोंबलं. पण १९०८ च्या पुस्तिकेत 'लिटल जो'खाली थॉर्पने स्वतःचंच नाव छापलं नव्हतं, तेव्हा नुसता लोमॅक्सला दोष कसा द्यायचा?

सगळे काउबॉय गोरे होते का?

मुळीच नाही, आणि सिनेमाने केलेली ही सगळ्यात मोठी फसवणूक. इतिहासकारांचा नेहमीचा अंदाज असा की दर चारांत एक काउबॉय कृष्णवर्णीय होता. मेक्सिकन गडीही पुष्कळ. किंबहुना हा सगळा धंदाच मेक्सिकन 'वाकेरो'कडून, म्हणजे तिथल्या घोडेस्वार गुराख्याकडून शिकलेला. फासाचा दोर म्हणजे लासो, घोड्या-गुरांच्या खेळांचा मेळा म्हणजे रोडिओ, मांड्यांवर चढवायचं कातडी चॅप्स हे सगळे शब्द स्पॅनिशमधून आले, आणि 'बकारू' म्हणजे तर 'वाकेरो'चाच अपभ्रंश.

गाण्यांतही तेच. 'होम ऑन द रेंज' लोमॅक्सने टिपलं ते सॅन अँटोनियोतल्या एका कृष्णवर्णीय गुत्तेवाल्याकडून, जो पूर्वी कळपांबरोबर स्वयंपाकी म्हणून गेलेला होता. 'गुडबाय ओल्ड पेंट'ची साखळी तर मला पाठ आहे. चार्ली विलिस गुलामीत जन्मला, सुटला, आणि १८७१ मध्ये कळपाबरोबर थेट वायोमिंगपर्यंत गेला. पुढे तो मॉरिस कुटुंबाकडे कामाला होता. त्या घरातल्या जेस नावाच्या सात वर्षांच्या पोराला त्याने ज्यूज हार्पवर हे गाणं शिकवलं. पोरगा मोठा होऊन फिडलवादक झाला. १९४२ मध्ये लोमॅक्सने जेस मॉरिसचं ध्वनिमुद्रण केलं, तेव्हा जेसने हे गाणं आपल्याला चार्लीने दिल्याचं नावानिशी सांगितलं. नाव सांगणारा जेस भेटला म्हणून चार्ली आपल्याला माहीत आहे. बाकीच्या चार्लींचं काय झालं, ते गाण्यांखालच्या रिकाम्या जागेवरून समजावं.

'डोगी' म्हणजे कुत्रा का?

नाही हो. डोगी म्हणजे आई मेलेलं, गवत खाऊन पोट सुटलेलं वासरू. 'रिमूडा' म्हणजे राखीव घोड्यांचा ताफा, 'रँगलर' म्हणजे ते घोडे राखणारा पोरगा, 'पेंट' म्हणजे कबरा घोडा. एवढं कळलं की निम्मी गाणी उलगडतात.

सिनेमातले गाणारे काउबॉय खरे होते का?

गाणारे खरे, काउबॉय बेताचे.

सुरुवात अस्सल होती. कार्ल स्प्रेग हा गुरांच्या धंद्यातल्या घरातला टेक्सन. त्याने १९२५ मध्ये ओमॅलीचं गाणं तबकडीवर आणलं आणि ती भरपूर खपली. पण १९३० च्या दशकात जीन ऑट्री आला. जन्म टेक्सासचा, पण नोकरी रेल्वेत तार मास्तराची. रॉय रॉजर्सचं खरं नाव लिओनार्ड स्लाय, जन्म ओहायोतल्या सिनसिनाटी शहरात. त्याच्या 'सन्स ऑफ द पायोनियर्स' या चमूचा कवी बॉब नोलन कॅनडात जन्मलेला. वाऱ्यावर गडगडत जाणाऱ्या वाळक्या झुडपांचं 'टंबलिंग टंबलवीड्स' हे त्याचं गाणं म्हणजे वेस्टर्न संगीताचा मुकुटमणी, आणि ते त्याने लिहिलं तेव्हा तो लॉस एंजेलिसमध्ये गोल्फच्या मैदानावर श्रीमंतांच्या काठ्या उचलायचं काम करत होता. गाण्यात आधी नुसती पानं होती, झुडपं मागाहून आली. ते झुडूप तरी कुठे तिथलं? १८७० च्या दशकात रशियातून आलेल्या जवसाच्या बियाण्यात मिसळून ते अमेरिकेत शिरलं.

तरीही ही गाणी खोटी म्हणून बाजूला टाकू नका. नोलनच्या 'कूल वॉटर'मधली तहान ऐका. वाळवंटातल्या मृगजळाचं ते गाणं ऐकताना माझा तरी हात तांब्याकडे जातो.

योडलिंग कुठून आलं? आणि किशोरकुमारचा काही संबंध?

योडलिंग म्हणजे गाताना आवाज खालच्या पट्टीतून एकदम वरच्या पट्टीत उडवणं. ते आलं आल्प्सच्या डोंगरांतून, तिथल्या फिरत्या गायकमंडळींबरोबर. एकोणिसाव्या शतकात अशा मंडळींनी अमेरिकेत दौरे केले आणि तिथल्या रंगमंचावर योडलिंग रुळलं. गुरांच्या वाटेवरच्या काउबॉयने योडलिंग केल्याचा पुरावा नसल्यातच जमा. त्याची गाठ गाण्याशी घातली जिमी रॉजर्सने. मिसिसिपीचा हा रेल्वे कामगार. १९२७ मध्ये त्याने ब्लूज, म्हणजे अमेरिकेतल्या कृष्णवर्णीयांचं दुखरं गाणं, आणि योडलिंग यांचं मिश्रण तबकडीवर आणलं आणि १९३३ मध्ये क्षयाने वारला. मधल्या सहा वर्षांत त्याने अर्ध्या जगाला वेड लावलं.

किशोरकुमारचा संबंध आहे, आणि थेट आहे. भाऊ अनूपकुमार यांच्याकडे जिमी रॉजर्स आणि टेक्स मॉर्टन यांच्या तबकड्या होत्या, त्या ऐकून किशोर योडलिंग शिकला. मॉर्टन न्यूझीलंडचा. म्हणजे आल्प्स, मिसिसिपी, न्यूझीलंड, खांडवा आणि मग मुंबई.

बायका गात नव्हत्या का?

गात होत्या, पण तबकडीवर उशिरा आल्या. पॅट्सी मोंटानाचं 'आय वाँट टू बी अ काउबॉइज स्वीटहार्ट' १९३५ चं. नावात प्रेयसी असली तरी तिला खरं हवंय ते घोडा, दोर आणि मोकळं माळरान. तिचं योडलिंग भल्याभल्यांना जमत नाही.

वेस्टर्न स्विंग म्हणजे काय?

काउबॉय टोपी घातलेलं जॅझ. टेक्सास-ओक्लाहोमातल्या नाचघरांसाठी बॉब विल्स आणि मिल्टन ब्राऊन यांनी फिडलला ब्लूज, मेक्सिकन सुरावटी आणि हवाईयन गिटार जोडली. आपल्याकडे वाद्यवृंदात मांडीवर आडवी ठेवून वाजवायचे, तीच ही गिटार, फक्त विजेवर चालणारी. विल्सने तर ड्रम आणि ब्रास, म्हणजे पितळी वाद्यंसुद्धा आणली, त्यावर शुद्धतावादी चिडले. टल्सातल्या केन्स बॉलरूममध्ये त्याचे कार्यक्रम रेडिओवरून प्रसारित होत. 'सॅन अँटोनियो रोझ' १९३८ चं, ऐकाच.

'कंट्री अँड वेस्टर्न'मधलं 'वेस्टर्न' गेलं कुठे?

बिलबोर्ड नियतकालिकाने १९४९ मध्ये यादीला ते जोडनाव दिलं आणि १९६२ मध्ये 'वेस्टर्न' काढून टाकलं. तोवर नॅशव्हिल शहरातला कंट्री संगीताचा धंदा मोठा झाला होता आणि घोड्यांचे सिनेमे दूरचित्रवाणीवर गेले होते. जाता जाता एक मोठा आवाज मात्र झाला. अ‍ॅरिझोनाच्या मार्टी रॉबिन्सने १९५९ मध्ये 'एल पासो' आणलं. साडेचार मिनिटांहून लांब, त्या काळच्या रेडिओच्या मानाने फारच. त्यात प्रेम, खून, पळ आणि मृत्यू सगळं आलं, आणि ते पहिल्या क्रमांकावर गेलं.

गिटारवर कुठून सुरुवात करू?

जी, सी आणि डी. 'होम ऑन द रेंज' आणि 'गुडबाय ओल्ड पेंट' दोन्ही तीन मात्रांच्या ठेक्यात आहेत. दादरा कानात असलेल्याला अडचण येणार नाही. चूक एकच होते, घाई. गुरं झोपवायची आहेत, उठवायची नाहीत.

ऐकू काय?

आधी जेस मॉरिसचं 'ओल्ड पेंट'. लायब्ररी ऑफ काँग्रेसने टेक्सासातल्या काउबॉय गाण्यांची जुनी ध्वनिमुद्रणं प्रसिद्ध केली आहेत, त्यांत ते मिळेल. त्याच संचात गुरांना घातलेल्या नुसत्या हाकाही आहेत. मग स्प्रेग, मग सन्स ऑफ द पायोनियर्स, मग मार्टी रॉबिन्स. अलीकडच्यांत डॉन एडवर्ड्स आणि डॉम फ्लेमन्स. फ्लेमन्सचा कृष्णवर्णीय काउबॉयवरचा २०१८ चा अल्बम चुकवू नका.

आम्ही टेक्सासात राहतो. प्रत्यक्ष कुठे ऐकायला मिळेल?

डॅलसकडची मराठी मंडळी हे हमखास विचारतात, आणि ह्यूस्टनच्या रोडिओला जाऊन नाराज होऊन येतात. तो मेळा भव्य आहे, पण रात्रीचा कार्यक्रम पॉप आणि आजच्या कंट्री ताऱ्यांचा असतो. फोर्ट वर्थच्या स्टॉकयार्ड्समध्ये लांब शिंगांची गुरं रोज दोनदा रस्त्यावरून चालवत नेतात; मुलांना ते दाखवा. गाणी ऐकायची तर नेव्हाडातलं एल्को गाठा. १९८५ पासून तिथे ऐन हिवाळ्यात काउबॉय कवींचा मेळावा भरतो. प्रत्यक्ष गुरं राखणारे लोक तिथे येऊन स्वतःच्या कविता म्हणतात, गातात. हिवाळ्यात का, तर त्या दिवसांत गोठ्यावर काम कमी असतं. गरम कपडे घेऊन जा, तिथे थंडी मरणाची असते.